एका मेढीचे दोन मांडव

उमेदीची सगळी वर्षं मी सुरतेत सावली भाड्याने दिली.

लोक मंडपवाला म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. भर उन्हात, कुणाच्याही दारात, म्हणाल त्या मापाचा सावलीचा चौकोन उभा करायचा, त्याखाली माणसांना नाचू द्यायचं, रडू द्यायचं, जेवू द्यायचं, भांडू द्यायचं आणि त्यांचं झालं की तोच चौकोन गुंडाळून हातगाडीवर टाकून घरी न्यायचा, हा माझा धंदा. लिंबायतमध्ये माझ्या दारावर पाटी होती, 'मंडप, खुर्च्या, भांडी, स्पीकर. सर्व प्रसंगांसाठी.' पाटी रंगवणाऱ्याने विचारलं होतं, "सर्व प्रसंग म्हणजे कोणते, ते लिहू का?" मी म्हटलं, "नको. काही प्रसंगांची नावं वाचून गिऱ्हाईक परत जाईल."

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती. वडिलांनी नाव ठेवलं दानिएल. लिंबायतच्या खानदेशी गल्लीने आठवड्याभरात त्याचा दानूभाऊ केला आणि मीही हरकत घेतली नाही. गल्लीत सगळे लूमच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत, नाहीतर पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत कामाला. ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्यामुळे माझ्या धर्माचे बारकावे गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. भाव ठरवताना म्हणायचे, "दानूभाऊ, तुमच्यात एक गाल मारला तर दुसरा पुढे करतात ना? मग शंभर खुर्च्या घेतल्या तर सतरंज्या तशाच द्या." एकाने स्पीकर पाण्यात पाडला आणि वर मलाच विचारलं, "तुमच्यात माफ करतात ना?" मी म्हणायचो, "करतात. पण दुरुस्त करून दिल्यावर."

रविवारी उपासनेत पाळकसाहेब शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगत. तिथे बाकावर बसून प्रीती हा शब्द कापसासारखा मऊ लागतो. लिंबायतमध्ये तो बांबूसारखा असतो. खांद्यावर घेतला की टोचतो, वळताना कुणाला तरी लागतो, आणि अर्ध्या वाटेत खाली ठेवावासा वाटतो. मी काही फार प्रार्थना करणारा माणूस नाही. बांबू उचलताना तोंडातून 'प्रभू' निघतं, तेवढीच माझी रोजची प्रार्थना. पण या धंद्यात एकदा ती ऐकली गेली. ती हकीगत सांगायची म्हणून तर लिहायला बसलो.

त्याआधी धंद्यातली एक खुबी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मांडव बांधणं सोपं, सोडणं अवघड. मांडव उठवायला उशीर झाला की दुसऱ्या गल्लीतलं गिऱ्हाईक शिव्या घालतं. म्हणून आमची सुतळीची गाठ वेगळी. बांधताना हत्ती टांगला तरी सरकणार नाही, पण एका टोकाला धरून झटका दिला की सगळी सुटून हातात. ही गाठ माझ्याकडे भिकाइतकी कुणालाच येत नसे. भिका बुलढाण्याकडचा, माझ्याच वयाचा, माझा उजवा हात. दिवसात चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली तीन बांबूशी.

आता पांढरा मांडव.

पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये माझा मित्र होता. तिथलं ब्लीच केलेलं, पण रंगाला न चढलेलं कापड मला स्वस्तात मिळालं. शुभ्र. हात लावला तर बोटं काळी वाटावीत असं. माझी बायको रूथ हिने त्याच्या चुण्या घातल्या, झालर शिवली, किती दिवस शिलाई मशीनवर मान मोडली. आमच्या लग्नात रूथ अशाच पांढऱ्या कपड्यात देवळाच्या पायऱ्या चढली होती. माझ्या डोळ्यांत लग्न म्हटलं की पांढरंच यायचं. तेव्हा पहिलं मोठं लग्न मिळताच मी ठरवलं, गल्लीचे डोळे दिपवायचे. लग्न होतं आनंदा बोरसे यांच्या थोरल्या मुलीचं. आनंदाभाऊ लूमच्या खात्यात मुकादम, कडक माणूस, आवाज असा की लूम चालू असतानाही ऐकू यावा. मी भल्या पहाटे माणसं नेऊन त्यांच्या दारात अख्खा पांढरा मांडव उभा केला आणि कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट पाहत राहिलो.

समोरच्या खोलीत गोजरमाय राहायची. एकटी म्हातारी. नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही, पुतण्या होता तो अमळनेरकडे कुठेतरी. नळावर तिचा नंबर कायम पहिला, कारण तिच्या तोंडापुढे उभं राहायची कुणाची छाती नव्हती. ती हंडा घेऊन दार उघडून बाहेर आली. वर पाहिलं. हंडा खाली ठेवला. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मधोमध बैठक मारून तिने जो गळा काढला, तो मी अजून विसरलेलो नाही.

"कोन मरनं रे भो? काल तर सगळा धडधाकट व्हतात. कोन मरनं?"

गल्ली बाहेर आली. बोरसेंच्या घरातल्या पाहुण्या बायका आतून रडतच बाहेर आल्या, कारण कुणीतरी रडतंय म्हणजे कुणीतरी गेलंय, चौकशी नंतर. नवरीची आत्या तर आनंदाभाऊंच्या गळ्यातच पडली. आनंदाभाऊ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आलेले, त्यांना कळेना की आपण जिवंत आहोत याचा पुरावा कसा द्यावा. आणि त्या गोंधळात नवऱ्याकडची पहिली गाडी आली.

सुरतेत राहून, गुजराती शेठ लोकांच्या घरी कुणी गेल्यावरच्या शोकाच्या बैठकी स्वतः बांधून, पांढरा मांडव कशासाठी लागतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर रूथ होती. ही चूक सुरतेत एक ख्रिस्ती मंडपवालाच करू शकतो. आम्ही पांढरा उतरवून लालपिवळा चढवेपर्यंत मी पाहुण्यांचे जे शब्द ऐकले, ते नाताळच्या काय, शिमग्याच्या अंकातही छापता येणार नाहीत.

लग्न लागलं. मुलगी सुखात नांदली, पोरंबाळं झाली. पण तिच्या सासऱ्याला एक वाक्य सापडलं ते त्याने कधी सोडलं नाही. दर दिवाळीला आनंदाभाऊ भेटले की, "काय बोरसे, तुमच्याकडे अजून रडूनच स्वागत करतात का?" आनंदाभाऊंनी त्याचं उट्टं म्हातारीवर काढलं. त्या दिवसापासून बोरसेंच्या घराचं आणि गोजरमायचं बोलणं बंद. समोरासमोर दारं, मध्ये चार पावलांची गल्ली, आणि शब्द नाही. माझ्याशी मात्र आनंदाभाऊ बोलत राहिले. का, तर म्हणे, "तुम्ही चुकला अज्ञानानं. ती रडली जाणूनबुजून."

गोजरमायला याची खंत असेल तर ती तिने दाखवली नाही. उलट त्या मांडवावर तिने हक्कच सांगितला. मी हातगाडी घेऊन गल्लीतून निघालो की ओट्यावरून हाक यायची.

"ए दानू. मना मांडव धोई ठेवा का?"

"ठेवलाय, माय."

"मी मरसू तवय हाऊच टाकजो. डाग दिसना ते उठी बससू."

एकदा तोच मांडव वराछ्याच्या एका बैठकीहून परत येत होता. तिने हातगाडी अडवली. "मना मांडव कोनले दिना?"

"एका शेठला, माय. गेला बिचारा."

"मना मांडवखाल गया? त्याले सांगं व्हतं का, उसना शे म्हनीसन?" आणि मग कापडाची कड दोन बोटांत धरून, नळावर भांडणाऱ्या त्याच आवाजात पण जरा खालच्या सुरात, "बायकोनं झालर गोड शिवी शे रे." रूथला मी ते सांगितलं तेव्हा ती दिवसभर हसत होती. मंडपाचं असं कौतुक करणारं दुसरं गिऱ्हाईक आम्हाला मिळालं नाही.

आनंदाभाऊंच्या धाकट्या मुलीचं, वंदनाचं लग्न ठरलं ते मार्गशीर्षात. स्थळ कडोदऱ्याचं, मुलगा लूमवर फिटर, घराणं शकुन-अपशकुन फार पाळणारं. मुहूर्त गोरज. आनंदाभाऊ स्वतः माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "लाल, पिवळा, हिरवा, जांभळा, काय वाटेल ते लावा. पांढरा रुमालसुद्धा त्या दिवशी खिशात ठेवू नका." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

आदल्या दिवशी मांडव उभा राहिला. त्यांच्या दारातून निघून गल्ली झाकत थेट समोर गोजरमायच्या उंबऱ्यापर्यंत. बोरसेंचं घर कोपऱ्यावर होतं, बाजूला मोकळी जागा. तिथे रात्री रिक्षा लागायच्या आणि दिवसा पोरं क्रिकेट खेळायची. घराच्या कोपऱ्याशी मुहूर्तमेढ रोवली. आंब्याचे डहाळे, हळदीकुंकू, सुपारी बांधलेलं फडकं, सगळं रीतसर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही मेढ म्हणजे मांडवाचा जीव. एकदा रोवली की कार्य पार पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. बाकीचा मांडव मंडपवाल्याचा, मेढ देवाची.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी खुर्च्या मोजायला पोचलो तर मांडवात कुणी नव्हतं. गोजरमायच्या दारात वंदना उभी होती. अंगावर हळद, हातात चहाचा पेला, आणि पेल्यावर साय धरलेली.

"दानूकाका," ती म्हणाली, "माय उठत नाही."

मी आत गेलो. म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली होती, पाय पोटाशी घेतलेले. नळावर सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारं ते शरीर चिमुकलं झालं होतं. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, पाहून, मान हलवून, कागद लिहून गेले. पहाटेच कधीतरी गेली होती.

बाहेर आलो तर आनंदाभाऊ मांडवात उभे. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग होता, आणि रागाच्या मागे भीती.

"दोन्ही लग्नांना," ते म्हणाले. "ही बाई माझ्या दोन्ही लग्नांना रडवणार."

त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं.

"ऐका दानूभाऊ. दार ओढून घ्या, कडी लावा. समोर कनात बांधा, उंच. स्पीकर वाढवा. कडोदऱ्याच्या लोकांना कळता कामा नये. त्यांना कळलं तर ते गाडीतून उतरणार नाहीत. संध्याकाळी अक्षता पडल्या की मग काढा तिला."

"दिवसभर तशीच ठेवायची?"

"ती कुठे जाते आता?"

कनात म्हणजे मांडवाची कापडी भिंत. गिऱ्हाईक सांगेल तिथे बांधायची, ही आमची रोजी. भिका खांद्यावर कनात घेऊन माझ्याकडे पाहत उभा. मला लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आठवली, रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या माणसाला बाजूने ओलांडून जाणाऱ्या दोघांची. लहानपणी मला वाटायचं, ते दोघे दुष्ट होते. त्या सकाळी कळलं, दुष्ट वगैरे काही नाही. त्यांच्याकडेही लग्नाची ऑर्डर असणार.

आणि आनंदाभाऊही दुष्ट नव्हते. मुलीचं लग्न मोडलं तर काय, याचा विचार करणारा बाप होता. शेजाऱ्यावर प्रीती करा हे ठीक आहे, पण समोरासमोर दोन शेजारी, एकीचं मरण आणि दुसरीचं लग्न, आणि मध्ये आपण कनात घेऊन. आता कुणावर आधी?

बांबूला टेकून मी 'प्रभू' म्हटलं. नजर समोर गेली, मेढीवर. आणि सांगतो, अंगात असं वारं शिरलं की टाळी वाजवावीशी वाटली.

"आनंदाभाऊ," मी म्हटलं, "मांडव फिरवू."

"काय?"

"फिरवू. आत्ता तोंड गल्लीकडे आहे. ते बाजूच्या मोकळ्या जागेकडे करू. वरात मागच्या रस्त्याने आणू. ही बाजू मायला मोकळी देऊ, तिला दुपारपर्यंत रीतीने नेऊ, मग गोरजाला निवांत लग्न लावा. कुणाला काही लपवायला नको."

"मेढ उपटणार तुम्ही माझी? मुलीच्या लग्नात?"

"मेढीला बोट लागणार नाही. मेढ कोपऱ्यावर आहे. दार बिजागरीवर फिरतं ना, तसा अख्खा मांडव तिच्याभोवती फिरवतो. भिका, फिरेल?"

भिकाने मान वर करून मांडव पाहिला, खाली जमीन पाहिली, कानामागची विडी काढून परत ठेवली. "फिरते, भाऊ," तो म्हणाला. "रिक्षा हटवा फक्त."

"नाही," आनंदाभाऊ म्हणाले. आवाज लूमवरचा. "तिच्यासाठी? जिनं थोरलीच्या लग्नात गळा काढला, तिच्यासाठी मी माझ्या पोरीचा मांडव फिरवू? दानूभाऊ, तुमची प्रीती तुमच्या देवळात ठेवा. कनात बांधायची नसेल तर तसं सांगा, दुसरा मंडपवाला आहे."

इथे माझं सगळं नाटक संपलं. तेव्हा वंदना पुढे आली. तो थंड चहाचा पेला अजून तिच्या हातात होता.

"आण्णा, मी रोज तिला चहा न्यायची."

"कवयपासून?"

"ताईचं लग्न झालं तेव्हापासून. तुम्ही पहिल्या पाळीला गेलात की."

आनंदाभाऊंचं तोंड उघडं राहिलं.

"परवा तिनं मला विचारलं," वंदना म्हणाली, "तुना लगनले मी उनू ते तुना बापले चाली का? मी म्हटलं, ये. मागे बस. तर म्हणाली, यीसू, पन रडू उनं ते? मग स्वतःच म्हणाली, तोंडमा पदर कोंबी लिसू. तुना बापले आवाज जावाव नही." वंदनाने पेला मेढीशी खाली ठेवला. "तिनं लुगडं धुऊन ठेवलंय आण्णा. आत पाटावर आहे."

आनंदाभाऊ गोजरमायच्या दाराकडे गेले. आत पाऊल टाकलं नाही, कारण त्यांच्या घरात लग्नाचं देवक बसलं होतं, आणि देवक बसलेल्या घराने मढ्याला शिवायचं नसतं. उंबऱ्याबाहेरूनच मान पुढे करून त्यांनी आत पाहिलं. पाटावर हिरवं नऊवारी होतं, घडीवर घडी घालून, वर जुन्या पत्र्याच्या पेटीचं झाकण वजनाला, म्हणजे इस्त्री बसावी.

परत आले ते खुर्चीवर बसले.

"फिरवा," ते म्हणाले. "पण मेढ हलली तर..."

"तर मलाच तिच्या जागी रोवा," मी म्हटलं.

मग काय झालं विचारू नका. विचारलंत तरी सांगणारच आहे. गल्लीतला जो जो पुरुष लग्नासाठी खाडा करून घरी थांबला होता, तो तो शर्ट काढून आला. रिक्षावाल्यांनी रिक्षा ढकलल्या. भिकाने ताणाच्या दोऱ्यांना झटके द्यायला सुरुवात केली आणि गाठी अशा सुटत गेल्या की जणू त्यांना कुणी नावाने हाक मारत होतं. छत आम्ही उतरवलंच नाही. एकेक बांबू दोघादोघांनी धरून उचलला, आणि मी मध्ये उभा राहून स्पीकरच्या माइकवरून, "डावे चला, उजवे थांबा, मेढीजवळचे श्वाससुद्धा घेऊ नका." वरचं लालपिवळं छत फुगलं, कलंडलं, पोरं ओरडली, आणि अख्खा मांडव म्हातारीच्या दारापासून सरकत, वळत, घराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मेढीवरचं आंब्याचं एक पानही पडलं नाही. भिका मेढीपाशी गेला, तिला हात न लावता नमस्कार केला आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा बोलला. "राजेहो, चहा सांगा."

मी सायकलवर टांग टाकली आणि घरी. रूथ दारातच होती, बातमी माझ्याआधी पोचली होती. पांढरं कापड घडी करून गाडीवर ठेवलेलं. "कालच धुतलंय," ती म्हणाली. "डाग नाही. तिला उठून बसायचं कारण नाही." असं म्हणून पदराने डोळे पुसले आणि गल्लीतल्या बायकांसोबत म्हातारीला न्हाऊ घालायला निघाली.

त्याच कोपऱ्यावर, मेढीच्या अलीकडे पांढरा मांडव उभा राहिला, पलीकडे लालपिवळा. माझ्या सगळ्या धंद्यात मी याहून देखणं काही बांधलं नाही. गोजरमायला तिचं हिरवं लुगडं नेसवून, त्या पांढऱ्या सावलीत ठेवलं. ज्यांच्याशी नळावर तिचं भांडण होतं त्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या, आणि एकीने तर हुंदका देत सांगितलं, "आता नळावर मजा नाही."

तिरडी कुणी बांधावी हा प्रश्नच नव्हता. बांबू आणि सुतळी म्हणजे आमचंच. भिका खाली बसून बांधत होता आणि मी पाहत होतो. त्याचे हात नेहमीच्या गाठीकडे गेले, थांबले. मग त्याने दुसरी गाठ घातली. मी ती कधी पाहिली नव्हती.

"ही कोणती?"

"न सुटणारी," भिका म्हणाला. "हिचा मांडव परत न्यायचा नाही आपल्याला."

दुपार कलली तशी आम्ही उचललं. पुढे मी आणि भिका, मागे गल्लीतले दोघे. आनंदाभाऊंना देवकामुळे खांदा देता येत नव्हता. ते मेढीपाशी हात जोडून उभे राहिले. स्पीकर त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला होता.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि समोरून टेम्पो आत शिरला. फेटे, फुगे, बँड. कडोदऱ्याची वरात वेळेच्या आधी आली होती आणि मागच्या रस्त्याचा निरोप तिला पोचलाच नव्हता.

टेम्पोचं तोंड आणि तिरडी समोरासमोर. बँडवाल्याच्या ओठांत क्लॅरिनेट तसंच. मुलाचे वडील खाली उतरले. आनंदाभाऊ मागून धावत आले.

"बोरसे, कोण गेलं?"

गल्लीतलं कुणीतरी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते वाक्य जिभेवर आलेलं मला दिसलं. खांद्यावर बांबू टोचत होता.

आनंदाभाऊ म्हणाले, "मनी माय गई."

"तुमची आई? ती तर मागेच..."

"ती गावाकडची. ही गल्लीची. समोर राहायची. हिच्यासाठी मी मांडव फिरवलाय, व्याही. लपवायचं नाही मला. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता सांगा."

टेम्पोत नवरा मुलगा फेट्याखाली घामाघूम. मी मनात म्हटलं, दानिएल, गेलं लग्न, आणि तुझ्यामुळे गेलं. व्याह्यांनी तिरडीकडे पाहिलं, आपल्या हातातल्या पिशवीतल्या नारळाकडे पाहिलं, मग फेटा काढून काखेत धरला.

"आमच्याकडे म्हणतात," ते सावकाश म्हणाले, "कामाला निघताना तिरडी सामोरी आली तर काम फत्ते." आणि ड्रायव्हरकडे वळून, "मागे घे रे गाडी. म्हातारीला आधी जाऊ दे."

टेम्पो मागे गेला. वऱ्हाड खाली उतरून भिंतीला लागून उभं राहिलं. आम्ही त्यांच्यामधून गेलो.

पुतण्याचा पत्ता लागला नाही, म्हणून तापीकाठी अग्नी भिकाने दिला. मी बाजूला उभं राहून माझ्या पद्धतीने दोन शब्द मनात बोललो. दोन्हीकडचं पोचलं असावं. आंघोळ करून परत आलो तर गोरज टळायला आलेला, वंदना अंतरपाटामागे, आणि आनंदाभाऊ माझ्यावर ओरडले, "कुठे होता? स्पीकर चालू होत नाही."

महिन्याभरात नाताळ आला. दरवर्षी मी स्वतःच्या दारात उरलेसुरले तुकडे जोडून छत करायचो. मंडपवाल्याच्या घरी मांडव धड नसतो. यंदा रूथ म्हणाली, "पांढरा लावा. आपल्याच घरी लावायचा राहिलाय तो." मी तोच धुतलेला मांडव काढला, मध्ये चांदणीचा कंदील टांगला, सतरंज्या घातल्या. गल्ली नेहमीप्रमाणे फराळाला आली. करंज्या, शंकरपाळे, चहा. पोरं कंदिलाखाली, बायका आत रूथपाशी.

सगळ्यात शेवटी आनंदाभाऊ आले. हातात पेढ्यांचा डबा, खांद्यावर उपरणं. मांडवात पाऊल टाकलं आणि थांबले. वर पाहिलं. झालरीवरून नजर फिरवली, चुण्यांवरून, कोपऱ्यापर्यंत. मग डबा खाली ठेवला, मधोमध सतरंजीवर बैठक मारली, उपरणं डोक्यावरून पुढे ओढलं आणि हुबेहूब तोच गळा काढला.

"कोन मरनं रे भो?"

मग गल्ली अशी हसली की कंदील हलला. आनंदाभाऊही हसत होते, खांदे गदगदत होते. आणि मग ते हसण्याचं गदगदणं नाही हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी उपरण्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. आवाज जाऊ नये म्हणून.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. "कुणी मेलं नाही, आनंदाभाऊ," मी म्हटलं. "जन्म झालाय."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले. बोळा तोंडातून काढला आणि मुकादमाच्या आवाजात विचारलं,

"पोऱ्या का पोर?"

"पोऱ्या," रूथ म्हणाली आणि करंज्यांचं ताट त्यांच्या हातात दिलं.